एकाच डागाच्या अकरा गाई

मेंढीच्या पोटात कोपरापर्यंत हात घालून दोर्वालिना कोकराचा अडकलेला पाय शोधत होती, आणि नेमके त्याच वेळी पोलिस आले. ऑगस्टातली, म्हणजे इकडच्या ऐन हिवाळ्यातली, सकाळ होती. दक्षिणेचं वारं असं सुटलं होतं, की कान जागेवर आहेत का तेही हात लावून बघावं लागे. उतारावरून दोन गाड्या डुलत येत होत्या. पुढची पांढरी गाडी आपल्या ठाण्याची. तिचा एक दिवा फुटलेला होता आणि तो कुणी फोडला हे साऱ्या टापूला ठाऊक होतं. मागची मात्र करडी, नवीकोरी, आणि नंबर ब्राझीलचा.

दोर्वालिनानं बावन्न वर्षांत या वाटेवर पलीकडची पोलिसगाडी पाहिली नव्हती. पलीकडची साखर पाहिली होती, पलीकडचे पाद्री, दात उपटणारे, मतं मागत चुकून इकडं आलेले पुढारीसुद्धा पाहिले होते. पोलिस मात्र लाइन, दोन देशांमधली हद्द, ओलांडत नसत. चोर लाइनीपलीकडं गेला की दोन्हीकडचे पोलिस सुटकेचा श्वास टाकून घरी जेवायला जात. आज दोघं मिळून आले होते, म्हणजे काहीतरी ठरवून आले होते. तिनं पाय सापडेपर्यंत हात बाहेर काढला नाही. कोकरू ओढून काढलं, त्याच्या नाकातला चिकटा पुसला, ते मेंढीच्या तोंडापाशी ठेवलं आणि गवताला हात पुसत उभी राहिली.

त्या हिवाळ्यात लाइनीच्या दोन्ही अंगांना चोरांनी उच्छाद मांडला होता. सकाळी रानात जावं तर गाईचं नुसतं डोकं आणि आतडी पडलेली असायची. ट्रकमध्ये चढवून नेलेली जिवंत गुरं वेगळीच. अलीकडचे म्हणत, पलीकडचे चोर आहेत. पलीकडचे म्हणत, अलीकडचे. शेवटी दोन्ही सरकारांनी एक कागद केला. चोरीला गेलेल्या गुरांच्या पुठ्ठ्यावर तापल्या लोखंडानं उमटवलेल्या, धन्याची खूण असलेल्या डागांच्या याद्या ठाण्यांनी एकमेकांना द्यायच्या, गस्त मिळून घालायची. तो कागद दुकानाच्या भिंतीवर चिकटवला होता. लोकांनी तो वाचला आणि म्हणाले, आता बिचाऱ्या चोरांना दोन ठिकाणी वाटा पोचवावा लागणार.

फौजदार पेरदोमो खाली उतरला. त्यानं टोपी काढली आणि लगेच परत घातली. टोपी काढलेला पेरदोमो ओळखीचा होता, घातलेला नव्हता.

"दोन्या दोर्वालिना, अन्सेल्मो कुठं आहेत?" बाईसाहेब म्हणावं तसं तो अदबीनं दोन्या म्हणाला.

"कुंपणावर. रातच्या वाऱ्यानं परत खांब पाडल्यात. काय काम काढलंत?"

"सांगतो. हे सार्जंट वाल्देमार, पलीकडच्या ठाण्याचे. आता आम्ही बरोबर काम करतो."

"दिसतंय की. बसा, येर्बा घ्या."

तिनं भोपळ्याच्या तुंब्यात येर्बाची पानं घातली, वर कढत पाणी ओतलं, नळी खोचली. पेरदोमोनं एक तुंबा ओढून रिकामा केला आणि परत दिला. तिनं तो भरून सार्जंटापुढं धरला. सार्जंटानं तळवा वर केला. "नको. कामावर आहे."

या मुलखात पुढं केलेला तुंबा कुणी परतवत नाही. तिच्या सासऱ्याची जमीन गिळायला आलेल्या वकिलानंही तो परतवला नव्हता. दोर्वालिनानं तो स्वतःच ओढला आणि जीभ पोळून घेतली.

तेवढ्यात तिचा नवरा अन्सेल्मो लंगडत आला. घोड्यावरून पडल्यापासून त्याची कंबर थंडीत धरायची. हातात तारेची पक्कड, नाकाला पाणी. सार्जंटानं त्याच्यापुढं कागद धरला. कागदावर एक चंद्रकोर होती आणि खाली आडवी रेघ.

"या डागाची गुरं तुमच्या ओढ्याकाठच्या रानात आहेत?"

"हायत की," अन्सेल्मो म्हणाला. "ओतासिलिओ फागुंदिसचा डाग हाय त्यो. माझ्या लेकीचा धर्मबाप. माझा कोंपाद्रे."

"फागुंदिसच्या चौदा गाई जुलैत चोरीला गेल्यात."

"ठाव हाय. मंग?"

"मग त्याच्या डागाच्या गाई तुमच्याकडं काय करतात?"

अन्सेल्मोला हसू आलं. एवढी साधी गोष्ट समजावून सांगायची वेळ त्याच्यावर कधी आली नव्हती. "आवो, झुल्माच्या बारशाला त्यानं कालवड दिली. चालवत आणली इथवर, लाइनीवरनं. धर्मबापानं दिलेल्या जनावराला दुसरा डाग मारत न्हाईत, आमच्यात त्यो अपमान हाय. तिच्या पोटाला ज्या गाई झाल्या त्यास्नी पण त्योच डाग. पोरीचं लगीन होस्तवर. मंग तिच्या घरचा."

"आणि डाग मारतं कोण? तो येतो दरवर्षी?"

"येतो की. न्हाई आला तर म्या मारतो. लोखंड हाय माझ्याकडं."

सार्जंटानं पेरदोमोकडं पाहिलं. पेरदोमो वहीत लिहायचा थांबला. दुसऱ्याच्या डागाचं लोखंड घरात असणं म्हणजे काय, हे अन्सेल्मोच्या लक्षात यायच्या आधी दोर्वालिनाच्या लक्षात आलं. तिनं नवऱ्याच्या पायावर पाय द्यायला बघितलं, पण तो पलीकडं उभा होता.

खोपटातून लोखंड निघालं. खोगिरांमागं, चरबी लावून, फडक्यात गुंडाळून नीट ठेवलेलं. चोर कशाला एवढ्या निगुतीनं ठेवेल, असं दोर्वालिना म्हणाली. "निगुतीनं ठेवतो तोच सराईत," सार्जंट म्हणाला.

लोखंड हाती लागल्यापासून पेरदोमो अन्सेल्मोला अरे-तुरे करू लागला.

ओढ्याकाठी गाई दाटीवाटीनं वाऱ्याला पाठ करून उभ्या होत्या. हिवाळ्याच्या वाढल्या केसांत डाग दिसत नाही. पेरदोमोनं मेंढ्या कातरायची कात्री मागून घेतली, आणि अन्सेल्मोला एकेका गाईच्या पुठ्ठ्यावरचे केस कापायला लावले. पुठ्ठ्यामागून पुठ्ठा उघडा झाला. चंद्रकोर आणि रेघ. चंद्रकोर आणि रेघ. त्या उघड्या कातड्यावर वारं लागून गाई शहारत होत्या. अन्सेल्मोला वाकवत नव्हतं, पण पोलिस हात खिशात घालून उभे होते.

दोर्वालिना हिवाळाभर मेंढ्यांच्या मागं होती. दोनतीन आठवडे ती या रानाकडं फिरकलीच नव्हती. गाय ओळखायला तिला डाग लागत नसे, तोंड पुरे. चित्री, चित्रीच्या दोन लेकी, वाकड्या शेपटीची, बांडी... नऊ झाल्या. उरल्या दोन. एक धुरकट रंगाची, मागं वळलेल्या शिंगांची, पोटानं जड. दुसरी तांबडी, कान फाटलेली. डाग तोच होता, पण तोंडं परकी होती.

"यातल्या तुझ्या किती?" पेरदोमोनं विचारलं.

अन्सेल्मोनं कात्री कमरेला पुसली. गाईंकडं बघितलं, बायकोकडं नाही. "समद्या. अकरा."

"तुम्ही काय म्हणता, दोन्या?"

"मेंढ्या माझ्याकडं," ती म्हणाली. "गाई त्योच बघतो."

सार्जंट तिच्याकडं जरा जास्तच वेळ बघत राहिला.

पंचनामा गाडीच्या बॉनेटवर लिहिला गेला, दोन भाषांत, दोन वह्यांत. अन्सेल्मोनं दोन्हीकडं सही केली. मग पेरदोमोनं त्याच्या कमरेचा सुरा मागितला. चामड्याच्या म्यानातला, हाडाच्या मुठीचा. त्यानंच तो मांस कापून खात असे, दोर कापत असे, कोकराचे कान खाचत असे. सतरा वर्षांचा होता तेव्हापासून तो सुरा झोपेपुरताच त्याच्या कमरेवरून उतरायचा.

"मुद्देमाल," पेरदोमो म्हणाला. "गुरुवारी सकाळी हद्दीच्या दगडापाशी यायचं. सगळ्या अकरा हाकत आणायच्या, एकही कमी चालणार नाही. डागाचा धनी फागुंदिस. तो बघून सांगेल, तुझ्या किती आणि त्याच्या किती. एक जरी त्याची निघाली ना अन्सेल्मो, तर तीन वर्षं. कमीत कमी."

गाड्या गेल्या. कोकरू उठून उभं राहिलं होतं आणि मेंढीला ढुसण्या देत होतं.

दुपारी ती खांब धरून उभी राहिली आणि अन्सेल्मो पहारीच्या बोथट टोकानं खड्ड्यात माती ठासत होता.

"त्या दोघी कुणाच्या?" तिनं विचारलं.

"कुठल्या दोघी?"

"म्या पोलिस असल्यागत बोलू नगंस, अन्सेल्मो."

त्यानं पहार टेकवली. "इथनंच आल्या. मागल्या बारीला खांब पडले तवा. गाईंच्या वासानं आल्या असतील, बहिणीच की त्या एकमेकींच्या. तीन आठवडं झालं."

"मंग परत का न्हाई घातल्यास?"

"घालणारच व्हतो. रविवारी. शनिवारी दुकानात गेलो, तर ल्योक सांगतूया दुकानदाराचा, फागुंदिस म्हणत व्हता, लाइनीपलीकडं समदी चोरंच जल्माला येत्यात. समद्यांसमोर म्हणत व्हता. म्या तितं असतो तर?" त्याचा आवाज फाटला. "वीस वरसं त्याच्या हातचं खाल्लं. त्याची बायको गेली तवा खड्डा म्या खांदला. म्हटलं, चोर म्हणतोस न्हवं? मंग घे."

"त्यानं तुला म्हटलं?"

"लाइनीपलीकडं म्या ऱ्हात न्हाई तर कोण ऱ्हातंय?"

दोर्वालिनाला नवऱ्याचा असा राग आला, की खांब सोडून द्यावा आणि तो त्याच्या पायावर पडू द्यावा. या माणसानं उभ्या आयुष्यात कुणाची काडी उचलली नव्हती. आणि आता रुसून चोर झाला होता, जेवणावर रुसतात तसा. पण तिनं खांब धरून ठेवला, आणि त्यानं परत माती ठासायला घेतली.

"नऊ म्हणायचं व्हतंस," ती म्हणाली. "दोन चुकून आल्या म्हणायचं."

"लोखंड घावल्यावर? कोण खरं मानतंय?"

तेही खरंच होतं. डाग एकच, लोखंड एकच. कुठली गाय कुणाची, हे कायद्याला कधीच कळणार नव्हतं. ते अन्सेल्मो सोडून फक्त दोन माणसांना तोंड बघून कळलं असतं, एक दोर्वालिना आणि दुसरा ओतासिलिओ फागुंदिस.

रात्री अन्सेल्मोनं मांस भाजलं आणि भाजी चिरायच्या सुरीनं खाल्लं. ती सुरी हाडाशी वळत होती. त्यानं अर्धा तुकडा कुत्र्याला टाकला.

बुधवारी ती लाइन ओलांडून ओतासिलिओकडं गेली. वाट तासाभराची, टेकाडाटेकाडानं. पोलिसांना आपलं नाव त्यानंच दिलं असणार, हे तिनं निघतानाच मनाशी पक्कं केलं होतं. वाटेत मात्र तिला आठवत राहिलं, की झुल्माला गोवर निघाला तेव्हा हाच माणूस चिखलातून घोडा घालून औषध घेऊन आला होता. झुल्मा आता रिवेरा शहरात बेकरीत कामाला होती आणि या सगळ्यातलं तिला काहीच ठाऊक नव्हतं.

ओतासिलिओ उन्हाला बसून कातड्याच्या वाद्यांचा फास विणत होता. बायको गेल्यापासून तो दाढी आठवड्यानं करायचा. तिला बघून तो उठला, स्वतःची खुर्ची तिला दिली आणि आपण कवटीवर बसला, बैलाच्या वाळलेल्या कवटीवर.

"कोमाद्रे! या. आज पायी?"

"घोडी लंगडतीया, कोंपाद्रे."

"घोडी पण?" तो म्हणाला. आणि मग त्याचं त्यालाच ते लागट वाटलं असावं, कारण त्यानं घाईनं आतून सुक्या मांसाचा भात आणला. तिनं ताटली मांडीवर घेतली, पण चमचा उचलला नाही.

"आमचं नाव तुमी दिलंत?"

"न्हाई." त्यानं वादी दातात धरून ओढली. "चौदा गाई गेल्या माझ्या. पोलिस म्हणलं, डाग कागदावर काढून दे. दिला. मंग सार्जंटानं इचारलं, त्यो डाग पलीकडं आणिक कुणाकडं हाय का? म्या गप बसलो. आता गप बसल्यालं त्यानं वाचलं असंल, तर त्याला म्या काय करू?"

"न्हाई म्हणता आलं असतं."

"खोटं?"

"दुकानात मात्र बोललात. लाइनीपलीकडं समदी चोरं म्हणून."

"बोललो. चौदा गाई गेल्यावर मानूस काय, नाचंल? तोंडाला आलं ते बोललो." त्यानं वर बघितलं. "अन्सेल्मो का न्हाई आला?"

"कंबर धरलीया."

"लाइन ओलांडायला कंबर आडवी आली. बरं."

खरं सांगायचं म्हणूनच ती आली होती. दोन तुमच्या आहेत, खांब पडले तिथून आल्या, माझा नवरा मूर्ख आहे, त्याला सांभाळून घ्या. एवढंच. वाटेत तिनं ते चारदा म्हणूनही बघितलं होतं. पण ते 'बरं' असं काही आलं, की तिच्या तोंडून दुसरंच निघालं.

"उद्या काय सांगणार?" तिनं विचारलं.

"बगितल्याबिगर कसं सांगू? औंदाच्या डागणीला म्या आलो व्हतो. तवा नऊ व्हत्या." तो वाद्या विणत राहिला. "तेवढ्याच असतील न्हवं?"

"गाई त्योच बघतो," ती म्हणाली.

ओतासिलिओचे हात थांबले. "पोलिसाला पण असंच सांगितलंत का, कोमाद्रे?"

तिनं ताटली खाली ठेवली आणि उठली. निघताना त्यानं भात फडक्यात बांधून दिला, अन्सेल्मोसाठी म्हणून. रागावलेला असला तरी आलेल्याला रिकामं पाठवायची त्याची रीत नव्हती.

लाइनीपाशी दोन शिपाई उभे होते, एक इकडचा, एक तिकडचा. परवापर्यंत तिथं फक्त टिटव्या असायच्या. त्यांनी तिला थांबवलं, फडकं सोडायला लावलं, भातात बोटं घालून बघितली. कुठं गेली होती, कुणाकडं, कशाला. "कोंपाद्रेकडं," ती म्हणाली. "वीस वरसं जातीया." दोघांनी आपापल्या वहीत लिहून घेतलं आणि एकमेकांनी काय लिहिलं ते माना लांबवून बघितलं. एकमेकांवरही त्यांचा भरवसा नव्हता. बोटं घातलेला भात तिनं टेकाडाच्या पलीकडं गेल्यावर पक्ष्यांना टाकला.

गुरुवारी धुकं होतं. अकरा गाई हाकत दोघं हद्दीच्या दगडापाशी पोचली तेव्हा पोलिस आधीच आलेले होते, आणि त्यांचं आपसातलंच भांडण चाललं होतं. हत्यार घेऊन लाइन ओलांडायची नाही, असं कागदात होतं. त्यामुळं सार्जंटाला गाई बघायच्या तर पिस्तूल काढून ठेवावं लागणार, आणि ते पेरदोमोच्या ताब्यात द्यायला तो तयार नव्हता. शेवटी त्यानं ते आपल्या हद्दीतल्या खांबाला पट्ट्यासकट टांगलं आणि एक शिपाई त्याच्यावर पहाऱ्याला ठेवला. तोवर तीन गाई चरत चरत ब्राझीलमध्ये गेल्या होत्या. अन्सेल्मोनं त्यांना मागं वळवलं. एरवी यावर तो आठवडाभर हसला असता.

ओतासिलिओ घोड्यावर बसून आला. दाढी केलेली, स्वच्छ रुमाल गळ्याला. उतरला आणि "नमस्कार" म्हणाला, सगळ्यांना मिळून एकच.

"आधी घरच्या बाईंचा जबाब," पेरदोमो म्हणाला. "त्या दिवशी तुम्ही टाळलंत, दोन्या. गुरं तुमच्याही नावावर आहेत. फागुंदिसनं दिलेल्या गाईची ही वेल. आज त्यातल्या तुमच्या किती?"

दोर्वालिनानं अन्सेल्मोकडं बघितलं. तो गारठ्यानं आणि कमरेनं वाकडा होऊन उभा होता. कमरेला रिकामं म्यान लटकत होतं. ते घरी ठेवून यायचं त्याला सुचलं नव्हतं. तीन वर्षांनी हा माणूस कसा दिसेल ते तिला दिसलं. मग तिनं ओतासिलिओकडं बघितलं. तो तिच्याकडंच बघत होता. शांतपणे, वाट बघत.

"अकरा," ती म्हणाली.

ओतासिलिओनं मान खाली घातली. लाज वाटली ती त्यालाच, असं तिला दिसलं, आणि ते तिला सोसवेना.

"फागुंदिस, आता तू," सार्जंट म्हणाला. "नीट बघ. घाई नाही."

तो गाईंमध्ये शिरला. एकेकीच्या पाठीवर हात ठेवत, नाव घेत. चित्री. चित्रीची थोरली. बांडी. गाई त्याला ओळखीनं नाकं लावून परत गवताकडं वळत होत्या. नऊ नावं झाली. मग तो धुरकट गाईपाशी आला आणि थांबला. त्यानं नाव घेतलं नाही, पण गायच पुढं झाली. मान लांब करून तिनं त्याच्या काखेत तोंड खुपसलं आणि डोळे मिटून उभी राहिली. तांबडी मागून आली आणि त्याचा रुमाल चाटू लागली.

दोर्वालिनाला वाटलं, संपलं.

"या दोन तुझ्या फारच ओळखीच्या दिसतात," सार्जंट पुढं होत म्हणाला. "बाकीच्यांनी असं काही केलं नाही."

ओतासिलिओ धुरकटीच्या शिंगांमागं खाजवत होता. अन्सेल्मोच्या छातीतली घरघर दोर्वालिनाला ऐकू येत होती.

"जनावराला पण आवडनिवड असती, सार्जंट," तो म्हणाला. "लिवा. अकरा. समद्या माझ्या धर्मलेकीच्या. यात माझी एक बी न्हाई."

"सहीनं देशील? खोटं निघालं तर तू आत जाशील."

"कुठं करू सही?"

त्यानं दोन्ही वह्यांत सही केली, सावकाश, अक्षरं जुळवत. सार्जंटानं वही मिटली. त्याचा विश्वास बसला नव्हता, पण डागाच्या धन्यापुढं त्याला जाता येत नव्हतं. "म्हणजे तुझ्या चौदा अजून सापडायच्याच आहेत."

"व्हय," ओतासिलिओ म्हणाला. "शोधा."

पेरदोमोनं सुरा अन्सेल्मोला परत दिला आणि त्याच्याशी परत अहो-जाहो बोलू लागला. लोखंड मात्र त्यानं मूळ धन्याच्या स्वाधीन केलं, तसा नियम होता. ओतासिलिओनं ते फडक्यासकट खोगिराला बांधलं. अन्सेल्मो हात पसरून पुढं आला, "कोंपाद्रे..." एवढंच म्हणाला. ओतासिलिओ घोड्याचा तंग आवळत होता. तो आवळून झाला तरी पुन्हा सैल करून आवळत राहिला. शेवटी अन्सेल्मोनं हात खाली घेतले आणि तो गाईंकडं वळला.

मग ओतासिलिओ दोर्वालिनापाशी आला. पोलिस गाडीकडं गेले होते, ऐकायला कुणी नव्हतं.

"धुरकी फुडल्या म्हयन्यात व्यायची हाय," तो हळू म्हणाला. "पिळताना डावीकडनं बसा. उजवीकडनं बसलं की लाथ मारती, तिला वासरू असल्यापास्नं खोड हाय. बाकी लई गरीब हाय."

तिनं धुरकीकडं वळून बघितलं.

"झुल्माला आशीर्वाद सांगा. येतो, दोन्या दोर्वालिना."

वीस वर्षं त्यानं तिला कोमाद्रेशिवाय, त्या जोडलेल्या नात्याच्या हाकेशिवाय, दुसरी हाक मारली नव्हती. पोलिस म्हणत होते तेच तो म्हणाला, टोपीला हात लावून, अगदी अदबीनं. घोड्यावर बसला आणि लाइन ओलांडून धुक्यात गेला.

गाई हाकत परतताना अन्सेल्मो अर्ध्या वाटेवर बायकोच्या बरोबरीला आला. मग म्हणाला, "चार दिस जाऊ देत. गस्त थंडावली की त्या दोघी नेऊन घालतो त्याच्या दारात."

"कशा घालशील?" दोर्वालिना म्हणाली. "दोन देशांच्या वहीत त्यानं लिवून दिलंय, माझ्या न्हाईत म्हणून. त्याच्या रानात घावल्या तर आता त्योच चोर ठरंल."

अन्सेल्मो थांबला. हे त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं. धुरकट गाय पुढं चालली होती. मध्येच थांबून मागं लाइनीकडं तोंड करून हंबरली, आणि त्यानं काठी उचलली, पण मारली नाही.

सप्टेंबरात धुरकी व्याली. कालवड झाली, आईच्याच रंगाची. डाग कुठला मारायचा, हे दोघांनीही एकमेकांना विचारलं नाही. सकाळी दोर्वालिना बादली आणि तिवई घेऊन गेली, क्षणभर उभी राहिली, आणि वळसा घालून डावीकडं बसली. गाईनं लगेच पान्हा सोडला. पहिली धार बादलीत वाजली तसा तिला हुंदका फुटला आणि तो काही केल्या आवरेना. आत चुलीपाशी बसलेल्या अन्सेल्मोला तो ऐकू गेला, पण तो बाहेर आला नाही.